जुन्या लायनरची इंजिन रूम पब्लिकला उघडायची तर आधी बाहेर यायची वाट आखा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ग्वाल्हेरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहात, थीसिसला असा विषय घेतलाय की 1930 ते 50 च्या जमान्यातलं एक स्टीम टर्बाइनचं प्रवासी जहाज मुंबईच्या धक्क्याला कायमचं बांधून ठेवायचं आणि त्याच्या नुसत्या बॉलरूम, डायनिंग सलून न दाखवता खालच्या कामाच्या जागा, म्हणजे बॉयलर रूम, इंजिन रूम, शाफ्ट टनेल (प्रोपेलर फिरवणारा दांडा जातो तो बोगदा), स्टिअरिंग गिअर, लाँड्री, खलाशांच्या खोल्या, हे सगळं लोकांना उघडायचं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये पुढच्या बॉयलर रूममधून आत शिरून थेट जहाजाच्या मागच्या टोकाला बाहेर पडणारी एकच लांब वाट आहे. तुमचे गाइड म्हणतात पब्लिकला तिकडे खाली नेणं कुठल्याच नियमात बसत नाही, आणि तुम्ही विचारताय की जगात असं कुठे होतं का, होत असेल तर कसं.

होतं, नक्की होतं. योकोहामाला हिकावा मारू नावाचं 1930 चं जपानी प्रवासी जहाज आहे, 1961 पासून यामाशिता पार्कसमोर बांधलेलं, त्याच्या इंजिन रूममध्ये लोक उतरून ती जुनी डिझेल इंजिनं बघतात. हॉलंडचं रॉटरडॅम, 1959 चं, आता आपल्याच नावाच्या शहरात हॉटेल म्हणून उभं आहे आणि तिथे गाइडबरोबर इंजिन रूम बघता येते. क्वीन मेरी तर डिसेंबर 1967 पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला आहे, 1971 मध्ये ती लोकांना उघडली आणि तिची मागची इंजिन रूम हा तिथल्या टूरचा मोठा भाग राहिलाय. तेव्हा कुठल्याच नियमात बसत नाही हे काही खरं नाही. पण तुमचे गाइड उगाच घाबरवताहेत असंही नाही, कारण यातल्या कुठल्याच जहाजावर खालचं सगळंच्या सगळं उघडलेलं नाहीये.

मी बडोद्याचा, आयुष्याची बरीच वर्षं स्टीमच्या जहाजांवर इंजिनिअर होतो, मग अलंगला तोडायला येणाऱ्या जहाजांवर गॅस-फ्री तपासणीची, म्हणजे बंद जागेत घातक गॅस उरलेला नाही हे बघायची कामं केली आणि नंतर परदेशात एका जुन्या लायनरच्या टूर रूटवर सेफ्टीचं काम केलं, त्याचं नाव इथे घेत नाही. जे लिहितोय ते त्या तिन्ही कामांतून आलेलं आहे.

तुम्ही विचारलंय काय काय दाखवता येईल. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: खाली उतरलेला सगळ्यात हळू चालणारा माणूस, लाइट गेलेली असताना, थोडा धूर असताना, मोकळ्या डेकवर किती वेळात पोचेल आणि एक वाट बंद झाली तर दुसरी कोणती. हे एकदा कागदावर उतरलं की काय दाखवायचं ते निम्म्याहून जास्त आपोआप ठरतं. कारण असं बघा, वरचे पॅसेंजर डेक अनोळखी लोकांसाठीच बनवलेले होते, रुंद जिने, पाट्या, ठिकठिकाणी दारं. खालच्या जागा बनवल्या होत्या रोज तिथे राबणाऱ्या, प्रत्येक शिडी अंधारात हाताने ओळखणाऱ्या तरुण माणसांसाठी. नवा ज्युनिअर जॉइन झाला की सेकंड इंजिनिअर त्याला पंप-बिंप दाखवायच्या आधी बाहेर यायच्या वाटा चालायला लावायचा. आता त्याच जागेत तुम्ही सत्तरीच्या आजी, कडेवर बाळ घेतलेली आई, आणि शाळेची अख्खी सहल नेणार आहात, त्यांना ती ट्रेनिंग नाही आणि देताही येणार नाही, मग जी हुशारी माणसात होती ती आता वाटेत घालावी लागते.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. पहिली, जहाज पाण्यात तरंगतंय की कोरड्या गोदीत आहे. ब्रिस्टलचं ग्रेट ब्रिटन, ब्रुनेलचं 1843 चं, ते कोरड्या गोदीत आहे म्हणून तिथे पाणी आत शिरायची काळजी नाही, पण त्याचं लोखंड इतकं खारावलेलं होतं की हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास ठेवायला लागते, त्यासाठी वॉटरलाइनला काचेचं छत घालून खाली कोरडी हवा फिरवतात. दुसरी, कायद्याच्या नजरेत ते जहाज आहे की इमारत. क्वीन मेरी कायमची बांधल्यावर तिला तिथे इमारतीसारखंच धरलं गेलं, मग जिने, दारं, फायर हे सगळं शहराच्या बिल्डिंगच्या नियमांनी. तुमच्या थीसिसमध्ये हे स्पष्ट लिहा की तुम्ही कुठल्या बाजूने चालताय, कारण जहाजाची शिडी 60 अंशाच्या आसपास उभी असते आणि आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे सार्वजनिक इमारतीत पायरी 300 मिलिमीटर रुंद आणि 150 पेक्षा उंच नको, या दोन्हींचा मेळ इंजिन रूममध्ये काही तोडल्याशिवाय बसत नाही. तिसरी गोष्ट, आत शिल्लक काय आहे. क्वीन मेरीचे सगळे बॉयलर आणि पुढच्या इंजिन रूममधली टर्बाइनं कन्व्हर्जनच्या वेळी काढून टाकली, म्हणून तिथे बॉयलर रूम म्हणजे मोठ्या रिकाम्या पोलादी खोल्या. रिकाम्या जागेत जिना, लिफ्ट काहीही बसवता येतं, भरलेल्या जागेत नाही. तुम्ही कल्पनेतलं जहाज घेतलंय तर हा निर्णय तुमच्या हातात आहे, आणि माझं मत विचाराल तर एक बॉयलर रूम रिकामी धरा, तिचा उपयोग खाली सांगतो.

आता हवा. हा मुद्दा आर्किटेक्टच्या डोक्यात सहसा येत नाही म्हणून सविस्तर लिहितो. बंद पोलादी टाकीत काहीही विषारी नसलं तरी माणूस मरतो, कारण लोखंड गंजताना आतल्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. जुन्या न वापरलेल्या विहिरीत एक माणूस उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो, तसंच जहाजाच्या टाकीत होतं आणि अगदी त्याच क्रमाने होतं. जहाजावर नियम असा की मीटरवर ऑक्सिजन 21 टक्के दिसल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. बडोद्याच्या रिफायनरीत किंवा कुठल्याही केमिकल प्लांटमध्ये शटडाऊनला काम केलेल्या माणसाला व्हेसल एंट्री परमिट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इंजिन रूम आणि बॉयलर रूम या मोठ्या, वरपर्यंत उघड्या जागा आहेत, तिथे चांगलं व्हेंटिलेशन दिलं तर प्रश्न नाही, पण त्यांना लागून डबल बॉटम (तळाच्या दोन थरांमधली पोकळी), तेलाच्या टाक्या, कॉफरडॅम (दोन टाक्यांमधली रिकामी पोकळी), बॉयलरचे ड्रम या बंद जागा असतात आणि त्यांची झाकणं टूरच्या वाटेतच येतात. ती नुसती बंद ठेवून चालणार नाही, बोल्ट करून, सील लावून, आणि रजिस्टरमध्ये नंबरवार नोंदवून ठेवायची. लहान पोरांना भोक दिसलं की त्यात जायचंच असतं. आणि व्हेंटिलेशनचं म्हणाल तर मूळ जहाजात ही हवा मोठमोठे पंखे ढकलायचे, ते आता बंद, त्यामुळे खालची हवा स्थिर राहते, पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत थंड प्लेटांवर पाणी सुटतं, पायाखाली निसरडं होतं आणि गंज वाढतो. तुमच्या सेक्शनमध्ये हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते हे बाणांनी दाखवा. डक्टसाठी नवीन भोकं पाडायची गरज नसते, जुन्या व्हेंटिलेटरचेच मार्ग वापरता येतात.

याच्याच जोडीला एक गोष्ट, जिच्यावर मी पहिल्याच मीटिंगमध्ये अडून बसतो. इंजिन रूमला आग विझवायची जुनी सीओटू सिस्टीम असते, बाटल्यांची अख्खी खोली. आग लागली की दारं बंद करून, माणसं मोजून, मग गॅस सोडायचा, तो साधारण जागेच्या 40 टक्के भरेल इतका असतो आणि त्यातला बहुतेक दोन मिनिटांत आत येतो. त्या हवेत माणूस जगत नाही. खाली पब्लिक असताना ही सिस्टीम जोडलेली असताच कामा नये. बाटल्या काढा, पाइपांची तोंडं पक्की बंद करा, आणि त्याऐवजी पाण्याची धुक्यासारखी फवारणी करणारी सिस्टीम आणि धुराचे डिटेक्टर द्या. बाटल्यांची खोली मात्र दाखवा, रिकाम्या बाटल्या, पाट्या, अलार्म सगळं, लोकांना त्यातून खालच्या कामाचा धोका जितका कळतो तितका भाषणाने कळत नाही.

ॲस्बेस्टॉस. त्या काळातलं स्टीमचं कुठलंही जहाज घ्या, पाइपांवरचं लॅगिंग म्हणजे उष्णता रोखणारं वेष्टन, टर्बाइनचं आवरण, बॉयलरचं अस्तर, गास्केट, व्हॉल्व्हचं पॅकिंग, केबिनमधली पॅनेलं, सगळीकडे आहे. एकदा धूळ फुफ्फुसात गेली की आजार 20 ते 50 वर्षांनी वर येतो, म्हणजे टूर गाइड म्हणून काम केलेल्या पोराला तो म्हातारपणी भेटणार. अलंगच्या किनाऱ्यावर 2006 मध्ये ब्लू लेडी नावाचं लायनर आलं, त्याचं मूळचं नाव फ्रान्स आणि नंतरचं नॉर्वे, तेव्हा त्याच्यात हजार टनांहून जास्त ॲस्बेस्टॉसचं साहित्य असल्याचा अंदाज मांडला गेला होता आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 2007 मध्ये तोडायची परवानगी मिळाली. रॉटरडॅमचंही तेच, परत घरी आणून उघडायच्या आधी ॲस्बेस्टॉस काढण्यात वर्षं आणि पैसा प्रचंड गेला, मूळच्या अंदाजाच्या कितीतरी पट.

म्हणून काय करायचं? माझी पद्धत अशी की आधी पूर्ण जहाजाचा सर्व्हे, प्रत्येक पाइपचा, मग तीन रंगांत नकाशा. जे सैल आहे, फाटलंय, हाताला लागेल असं आहे ते काढायचंच. जे घट्ट आहे आणि वाटेपासून लांब आहे ते सील करून, रंगवून, नोंद ठेवून राहू द्यायचं, कारण काढताना जितकी धूळ उडते तितकी ते न हलवता राहिलं तर उडत नाही. आणि ज्या जागेत हे दोन्ही परवडत नाही ती जागा टूरमध्ये नाही, विषय संपला. लॅगिंग काढलं की टर्बाइन उघडंबोडकं आणि ओळखू न येणारं दिसतं, तेव्हा मिनरल वूल आणि कॅनव्हासने तसंच गुंडाळून पांढरा रंग देऊन परत उभं करायचं आणि शेजारी पाटी लावायची की हे आवरण नवीन आहे. काही क्युरेटर लोकांना ती पाटी नको असते, वातावरण बिघडतं म्हणतात. मला ते पटत नाही. लोकांना खरं आणि नवं यातला फरक सांगितला की त्यांचा विश्वास वाढतो. उघडल्यानंतरसुद्धा ठराविक काळाने हवेचे नमुने घ्यायचे आणि रिपोर्ट दारावर लावायचा, तो खर्च चालू खर्चात धरा, एकदाचा खर्च म्हणून धरू नका.

आता तुमच्या लांब वाटेकडे येतो. ती मला आवडली पण ती चालणार नाही, आणि कारण वॉटरटाइट बल्कहेड. बॉयलर रूम, इंजिन रूम, टनेल यांच्यामध्ये आडव्या पोलादी भिंती असतात आणि त्या भिंतींमुळेच एका भागात पाणी शिरलं तरी जहाज तरंगतं. तुम्ही प्रत्येक भिंतीत मीटरभर रुंद दार कापलंय. जहाज बांधलेलं असलं तरी ते पाण्यातच आहे, इतक्या वर्षांच्या जुन्या प्लेटला कुठे भोक पडलं किंवा एखादा जुना समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह गळला तर पाणी आता एका खोलीत न थांबता सगळीकडे जाईल, आणि आग लागली तर धूरही. समुद्राकडची सगळी तोंडं, सी चेस्ट वगैरे, बाहेरून प्लेट वेल्ड करून बंद करायची हे तर आहेच, पण भिंतींना हात लावायचा नाही. मग वाट कशी? आडवी न नेता उभी न्यायची. प्रत्येक मोठी जागा वरून उतरायची आणि वरच परत यायचं. एका भिंतीतून पुढच्या जागेत जायचं असेल तर मूळचं वॉटरटाइट दार वापरा, ते आहे तिथे आहे, पण त्याला पब्लिकच्या वेळी उघडं ठेवायची आणि पाण्याचा अलार्म वाजला की माणसं निघाल्याची खात्री करून गाइडने बंद करायची पद्धत लिहून द्या.

उभी वाट म्हटलं की इंजिन केसिंग आलं, इंजिन रूमपासून थेट धुराड्यापर्यंत जाणारी ती उंच पोकळी, जिच्यात ग्रेटिंगचे मजले आणि शिड्या असतात. बघायला याच्यासारखी जागा नाही, वरच्या ग्रेटिंगवरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. पण आगीत सगळा धूर तिथूनच वर येणार, म्हणजे तुमची मुख्य वाट आणि धुराची वाट एकच. म्हणून दुसरी वाट केसिंगच्या बाहेर, वेगळ्या बंद शाफ्टमध्ये हवीच. जहाजाला मूळचे एस्केप ट्रंक असतात, अरुंद, उभी शिडी असलेले, खलाशी चढतो, आजी नाही चढत. इथे तुमची रिकामी बॉयलर रूम कामाला येते. बॉयलर काढलेल्या उभ्या पोकळीत भिंतींनी वेगळा केलेला नीट बिल्डिंग कोडचा जिना आणि एक लिफ्ट बसवा. तोच उतरायचा मार्ग, तोच व्हीलचेअरचा मार्ग, आणि तिथून शेजारच्या इंजिन रूममध्ये मूळ दारातून जा. मूळच्या ग्रेटिंगच्या शिड्या राहू द्या, पण त्या बघायला, किंवा ज्यांना झेपेल त्यांच्या वेगळ्या छोट्या टूरला. म्हणजे आतापर्यंतचं असं झालं: बंद टाक्या सील, सीओटू बाहेर, ॲस्बेस्टॉसचा नकाशा, भिंतींना हात नाही, आणि उतरणं एका नव्या जिन्याने.

शाफ्ट टनेलबद्दल तुम्ही खास विचारलंय. ते लांब, अरुंद आणि बहुतेक एकाच बाजूने आत जायचं असतं, मागच्या टोकाला एक उभा एस्केप. माझ्या हिशोबाने तिथे ग्रुप न्यायचा नाही. दाराशी छोटा प्लॅटफॉर्म करा, आत लांबपर्यंत लाइट लावा, शाफ्ट अख्खा दिसतो आणि तेवढं पुरतं. क्वीन मेरीवर यापेक्षा सुंदर युक्ती केलीय, हलच्या, म्हणजे जहाजाच्या कवचाच्या, बाहेरून पोलादी पेटी बसवून एक प्रोपेलर पाण्यात तसाच ठेवलाय आणि आतून खाली वाकून तो बघता येतो. ज्याच्यासाठी हे सगळं यंत्र होतं ते शेवटी डोळ्याने दिसतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये टनेलवर खर्च करण्यापेक्षा हे करा.

किती माणसं एका वेळी? इथे लोक चौरस मीटरने हिशोब करतात, तो चुकीचा. हिशोब सगळ्यात अरुंद शिडीने आणि गाइडच्या आवाजाने करायचा. मी बारा ते पंधराच्या वर जात नाही, पुढे एक गाइड आणि मागे एक, मागचा कधीही पुढे येत नाही. उघडायच्या आधी खऱ्या लोकांना, त्यात म्हातारे आणि मुलं हवीतच, खाली नेऊन लाइट घालवून बाहेर काढायचं आणि घड्याळ लावायचं. जो वेळ येईल त्यावरून संख्या ठरवा. खाली फोन चालत नाहीत हेही लक्षात ठेवा, पोलादाचा डबा आणि तोही वॉटरलाइनच्या खाली, साधा वॉकीटॉकीही दोन भिंतींपलीकडे मरतो. रेडिओसाठी आत अँटेनाची केबल फिरवावी लागते, आणि त्याशिवाय जुने साउंड पॉवर्ड टेलिफोन, जे आवाजाच्याच जोरावर बिनबॅटरीचे चालतात, ते दुरुस्त करून ठेवा, लाइट गेली तरी चालतात आणि मुलांना दाखवायलाही मस्त.

छोट्या गोष्टी घाईत सांगतो पण त्या सोडू नका. जहाजाच्या रेलिंगमध्ये आडव्या दोनतीनच दांड्या असतात, मूल सरळ खालून जातं, जाळी लावा. ग्रेटिंगमध्ये टाच अडकते आणि चपलेचा अंगठा अडकतो, वाटेपुरतं वर बारीक जाळी किंवा चेकर्ड प्लेट टाका. आपल्याकडे साडी आणि ओढणी असते, व्हॉल्व्हची चाकं आणि लिव्हर बरोबर त्या उंचीला, वाटेकडचे भाग झाका. डोक्याला लागणारे पाइप पिवळे रंगवू नका, पॅड लावा. पितळेची गेज, नावाच्या पट्ट्या, छोटी चाकं लोक खिशात घालून नेतात, मूळच्या काढून काचेत ठेवा आणि जागेवर नक्कल लावा. बिल्जमध्ये, म्हणजे अगदी तळाशी पाणी साचतं त्या भागात, जुन्या तेलाचा थर असतो तो आधी पूर्ण साफ, नुसता वास म्हणून ठेवायचा हट्ट कोणी केला तर नाही म्हणा.

मशिनरी हलवायची का? टर्बाइन बाहेरून बघितलं तर एक मोठं आवरण, आत काय फिरतं ते दिसतच नाही, म्हणून एकाचं वरचं केसिंग उचलून ब्लेडच्या रांगा दाखवा. स्टीम खरी काढायची म्हणजे बॉयलरचा परवाना, तपासणी, ट्रेनिंगची माणसं. सॅन फ्रान्सिस्कोचं जेरेमाया ओब्रायन हे युद्धकाळातलं मालवाहू जहाज खऱ्या वाफेवर चालवतात, ते तिथे वर्षानुवर्षं राबणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. लायनरच्या हाय प्रेशर प्लांटवर हे मी कधीच सुचवणार नाही, क्वीन मेरीचं प्रेशर 400 पौंडाचं होतं आणि वाफ 700 फॅरनहाइटची. मे 2003 मध्ये मायामीला नॉर्वे जहाजाच्या (वर आलेली ब्लू लेडी तीच) बॉयलरचा स्फोट झाला, आठ खलाशी गेले, आणि ते तर चालू, इंजिनिअर असलेलं जहाज होतं. टर्निंग गिअरच्या, म्हणजे बंद यंत्र हळू फिरवायच्या, मोटरने शाफ्ट मिनिटाला थोडासा फिरवा, गार्ड लावून. ग्रेट ब्रिटनवर इंजिनाची प्रतिकृती अशीच हलताना दिसते आणि लोक तिथून हलत नाहीत.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं करायचं ते. खाली माणसं होती. कोळशाच्या जमान्यात टायटॅनिकवर 29 बॉयलर आणि 159 भट्ट्या होत्या आणि प्रत्येकीला फावड्याने खाऊ घालणारी माणसं होती. आपल्या बाजूला येणाऱ्या ब्रिटिश लायनरवर त्या भट्ट्यांसमोर कोण होतं? आगवाला, कोयलावाला, तेलवाला, त्यांच्यावर टिंडेल आणि सारंग हे मुकादम, वर डेकवर सुकाणी आणि कसाब (म्हणजे स्टोअर सांभाळणारा), आणि स्वयंपाकाला भंडारी. रत्नागिरीचे, गोव्याचे, घोघ्याचे, सिल्हेटचे, पंजाबचे. 1914 च्या सुमाराला ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांहून जास्त असे लस्कर, म्हणजे आशियाई खलाशी, होते. मुंबईत जहाज बांधताय आणि खाली फक्त टर्बाइनचा हॉर्सपॉवर सांगताय, हे मला सहन होणार नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत अजून आजोबांची नळी, म्हणजे खलाशाचं कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट, ट्रंकेत असतं. त्या घरांना बोलवा, आवाज रेकॉर्ड करा, आगवाल्याची पाळी कशी असायची ते त्यांच्याच शब्दांत ऐकवा. खलाशांच्या खोल्या, त्यांचा वेगळा भंडारीखाना, आणि जहाजभर पसरलेली ती लांब कामाची गल्ली, ब्रिटिश जहाजांवर तिला बर्मा रोड म्हणायचे, टायटॅनिकवर स्कॉटलंड रोड, ही गल्ली सपाट असते, वॉटरलाइनच्या वर असते, दोन्हीकडून बाहेर जाता येतं, म्हणजे सेफ्टीच्या हिशोबाने सगळ्यात सोपी आणि गोष्टीच्या हिशोबाने सगळ्यात श्रीमंत. तुमच्या ड्रॉइंगमध्ये ती नुसती सर्व्हिस कॉरिडॉर म्हणून राखाडी रंगात आहे. तुम्हाला एकच बदल करायचा असेल तर हा करा, टूरचा कणा ही गल्ली, आणि तिच्यातून खाली दोन ठिकाणी उतरायचं, एक इंजिन रूम, एक बॉयलर रूम.

भुतांच्या टूरबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय की उत्पन्नासाठी ठेवू का. क्वीन मेरीवर 1966 मध्ये ड्रिलच्या वेळी एक अठरा वर्षांचा पोरगा वॉटरटाइट दारात दाबून मेला, आणि पुढे तेच दार भुताच्या गोष्टींचं ठिकाण झालं. त्याने तिकिटं विकली जातात हे खरं आहे, जहाज टिकवायला पैसा लागतो हेही मला पुरेपूर माहीत आहे. तरी मी ठेवणार नाही. कामावर मेलेल्या पोराच्या दारापाशी अंधार करून लोकांना किंचाळायला लावायचं हे खाली काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याला कसं वाटेल. त्याच दारापाशी दार कसं बंद होतं, किती जोराने, ड्रिल का करायचे हे सांगा. शिवाय अंधार आणि किंचाळणं हे दोन्ही एव्हॅक्युएशनचे शत्रू आहेत. रंगीत लाइटही नको, खाली पिवळसर साधा उजेड, आणि पायाशी बॅटरीवरच्या पट्ट्या.

पैशाचा एक धडा मुंबईतलाच आहे. जुनी विमानवाहू युद्धनौका विक्रांत, ते जहाज 2001 पासून म्युझियम म्हणून उघडं होतं, 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून बंद झालं आणि 2014 मध्ये भंगारात विकलं गेलं. पाण्यात बांधलेलं पोलाद रोज खर्च मागतं, गोदीत नेऊन तळ बघायचा खर्च तर वेगळाच. उलट विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी 2002 पासून किनाऱ्यावर काढून ठेवलीय आणि लोक आतून आरपार चालत जातात. तुमचं जहाज 250 मीटरच्या वर आहे, ते किनाऱ्यावर काढता येणार नाही, पण जुन्या कोरड्या गोदीत कायमचं ठेवायचा पर्याय एकदा तुलनेला तरी घ्या. आणि सगळं एकदम उघडू नका: पहिल्या टप्प्यात गल्ली, खलाशांच्या खोल्या, लाँड्री, स्टिअरिंग गिअर, दुसऱ्यात इंजिन रूम फक्त वरच्या गॅलरीतून, जिना आणि लिफ्ट तयार झाली की तिसऱ्यात खालची प्लेट, म्हणजे इंजिन रूमचा तळमजला.

जमलं तर विशाखापट्टणमला जाऊन या, कुरसुरामध्ये ग्रुप कुठे अडतो, मुलं कशाला हात लावतात ते उभं राहून बघा. बडोद्याला आलात तर इथल्या एमएस युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजीचं डिपार्टमेंट आहे, 1952 पासूनचं, तिथल्या लोकांशी नक्की बोला, क्युरेटरची बाजू मी जी इथे दोन ओळींत उडवली ती ते नीट समजावतील. आणि तुमच्या ड्रॉइंगमध्ये टँक टॉपचा, म्हणजे डबल बॉटमच्या वरच्या तळाचा, प्लॅन नाहीये, जनरल अरेंजमेंट आणि मधला एक आडवा सेक्शन आहे फक्त. तो प्लॅन आणि बल्कहेडचे फ्रेम नंबर (जहाजाच्या फासळ्यांचे क्रमांक) टाका, मग जिना नेमका कुठल्या बॉयलरच्या जागी बसेल आणि दुसरी वाट कुठून निघेल ते मी त्याच्यावर पेन्सिलने काढून देतो.